फडक्यातला वस्तरा

पोपटनं आबांच्या गालाला साबण लावला, नवं ब्लेड मधोमध मोडून अर्धं आपल्या वस्तऱ्यात बसवलं, आणि आबांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

"आबा, आसं काय करताय? इकडं बघा की."

आबा भिंतीकडंच बघत राहिले. साबणाचा फेस कानामागून ओघळत उशीवर आला. पोपटनं माझ्याकडं पाहिलं. पोपट माझ्या मामाचा मुलगा. वस्तरा धरायला तो आबांकडंच शिकला आणि आता एसटी स्टँडसमोर मोठ्या आरशांचं दुकान चालवत होता.

"कुशाताई, आता तूच सांग त्यांना. रोज दुकान टाकून येतो आन् रोज ही तऱ्हा."

"त्यांना तुझं ब्लेड नकोय."

"मग काय कुऱ्हाड आणू?"

हसायची वेळ नव्हती, तरी मला हसू आलं. आबा हसले नाहीत. एरवी पोपटच्या अशा बोलण्यावर त्यांनी त्याला चार शब्द सुनावले असते आणि मग आम्ही सगळेच हसलो असतो. त्या दिवशी मी ओल्या फडक्यानं त्यांच्या गालावरचा साबण पुसला आणि पोपट आपली पिशवी उचलून निघून गेला.

आबांची उजवी बाजू गेली होती. पारावरच्या दुकानात एका गिऱ्हाइकाची दाढी करता करताच हातातलं बळ गेलं. गिऱ्हाइकाला ओरखडासुद्धा आला नाही. पडता पडता आबांनी वस्तरा मागं घेतला होता, असं तो माणूस अजून ज्याला त्याला सांगतो. जीभ जड झाली, उजवा हात-पाय लुळा पडला. तार मिळाली तशी मी सासरहून आले. डॉक्टर म्हणाले होते, यांना उठवा, बसवा, चालवा. नाहीतर हे अंथरुणातच संपतील. पण आबा उठायला तयार नव्हते. भाकरी कुस्करून दिली तर दोन घास खायचे आणि तोंड मिटायचे.

आणि दाढी वाढत होती. आमच्या घरात वाढलेल्या दाढीचा एकच अर्थ होता, घरात सुतक आहे. बाकी कुठल्याही दिवशी आबा तांबडं फुटायच्या आत गुळगुळीत दाढी करून तयार असायचे. फक्त मिशी तेवढी राखलेली, पांढरी, झुपकेदार. आता पांढरे खुंट गळ्यापर्यंत पसरले होते आणि मधूनमधून त्यांचा डावा हात मिशीवर जायचा. मला वाटायचं, सवयीनं पीळ द्यायला बघतायत. मला माझा बाप परत हवा होता. तो दाढी केलेलाच हवा होता, त्याशिवाय तो मला माझा वाटतच नव्हता.

पोपट गेला त्या दुपारी मी त्यांच्या उशाशी बसून वैतागून म्हणाले, "आबा, काय करू मी? तुम्हीच सांगा. काही तरी सांगा."

आबा बोलले. आजार झाल्यापासूनचा पहिला सरळ शब्द.

"वस्तरा."

"कुणाचा?"

"माझा."

आबांची धोकटी खुंटीवर होती. तिला आम्ही बायका कधी हात लावत नसू. म्हणजे कुणी मनाई केली होती असं नाही, पण लावत नसू. मी ती खाली काढली. कात्री, कंगवा, तुरटीचा खडा, चामड्याचा पट्टा, धारेचा दगड. आणि वस्तरे दोन. एक काळ्या शिंगाच्या मुठीचा, आबांचा रोजचा. त्या दिवशी हातातून निसटून तो फरशीवर आपटला होता आणि धारेचा टवका उडून चांगला दातरा पडला होता. दुसरा तळाशी होता, मांजरपाटाच्या फडक्यात गुंडाळून गाठ मारलेला. याची मूठ हाडाची, पिवळी पडलेली. पातं जुनं, घासून घासून निम्मं उरलेलं, त्यावर तांबेरा चढलेला. पण धार सलग होती. मला वाटलं, ठेवणीतला असणार, म्हणून इतका जपून ठेवलाय. मी फडकं सोडून बाजूला टाकलं आणि वस्तरा आबांच्या डोळ्यांपुढं धरला.

"त्या दुसऱ्याला दातरा पडलाय. हा नीट होईल का?"

आबा त्या वस्तऱ्याकडं इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, त्यांना ओळखूच येत नाही. मग त्यांनी डोळे मिटले.

"व्हईल," ते म्हणाले. "ह्योच घी."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमची शाळा सुरू झाली. मी न्हाणीजवळच्या दगडावर बसायची आणि आबांचं अंथरूण दारापाशी ओढून घेतलेलं असायचं, माझे हात त्यांना दिसावेत म्हणून. आई चुलीपाशी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळं मी काहीतरी घासत बसलेय एवढंच तिला कळत होतं.

"काय घासतीस गं एवढं?"

"आबांचा वस्तरा."

"घास बाई. तेवढंच ऱ्हायलं व्हतं."

तांबेरा राखेनं आणि रॉकेलनं उतरवला. मुठीतला तांब्याचा खिळा सैल झाला होता, तो हलक्या हातानं ठोकून बसवला. एवढं मला जमलं म्हणून मी जरा फुशारले होते. मग धारेची पाळी आली, आणि पहिल्याच हाताला आबा खेकसले. जीभ जड होती, पण खेकसणं पहिल्यासारखंच.

"पात्याची पाठ उचलू नगंस!"

"कुठं उचलली?"

"पाठ आन् धार... दोन्ही दगडाला. आडवा ठिव. हां. आता धार म्होरं."

मी धार पुढं करून पातं दगडावरून नेलं, पाठीवर उलटलं, परत आणलं.

"आवाज आईक."

"कसला आवाज?"

"खरखर आली की थांब. सुर्रर्र आलं पायजे."

दिवसभर खरखरच येत राहिली. माझे खांदे भरून आले. संध्याकाळी मी वस्तरा दगडावर ठेवून दिला आणि म्हणाले, "आबा, मला मेलीला शिवण जमतं, हे नाही जमत. पोपटला बोलावू?"

"तुझ्या हातात हाय ते," आबा म्हणाले. "पोपटच्या न्हाई."

आयुष्यात त्यांनी माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं. मी परत बसले.

दगड घासत असताना मला घाट आठवला. आमचं गाव गोदावरीच्या काठावर. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक दहाव्याला आमच्याच घाटावर येत आणि आबा त्यांचे केस, मिशा उतरवत. मी लहानपणी त्यांची भाकरी घेऊन घाटावर जायची. एकदा एक उंचापुरा शेतकरी त्यांच्यापुढं येऊन बसला, टोपी काढून, मान खाली घालून. आबांनी विचारलं, "कोण गेलं?" तो म्हणाला, "ल्योक." आबांनी वस्तरा मिटला. "दादा, तुमी उठा. मोठ्यानं लहानासाठी केस द्यायचं नसत्यात. बाप हाय तुमी." तो माणूस उठेना. आबांनी त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. तो मग नदीकडं तोंड करून उभा राहिला, टोपी हातात तशीच धरून.

"आबा, तो लेक गेलेला माणूस आठवतो का? तुम्ही उठवलं होतं तो?"

"आठवतो," आबा म्हणाले, आणि त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

पुढं आबांनी घाटावरचं काम सोडून दिलं. गुडघे दुखतात म्हणाले. माझा मोठा भाऊ मुरली त्याच वर्षी गेला होता. कावीळ झाली, कुणी सांगितलेला पाला खात राहिला, मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. बावीस वर्षांचा, बिनलग्नाचा. मी तेव्हा नुकतीच सासरी गेले होते. त्याचा फोटो त्या भिंतीवर होता.

आठवड्याच्या शेवटी दगडावर सुर्रर्र असा आवाज आला. मी चमकून आबांकडं पाहिलं. त्यांनी डावा हात उचलून पट्ट्याकडं बोट केलं. पट्ट्याचं एक टोक खुंटीला अडकवून मी दुसरं ताणून धरलं.

"आता पाठ म्होरं," ते म्हणाले. "धार म्होरं केलीस तर पट्टा कापशील."

पट्ट्यावर बराच वेळ मारल्यावर मी मनगटावरच्या केसांना लावून पाहिलं. वस्तरा टेकला न टेकला तोच ते गळून पडले. मी लहान पोरीसारखी ओरडले. आई चुलीपासून धावत आली, तिला वाटलं कापलंच.

मी आबांना लोडाला टेकवून बसवलं, गरम पाण्याचं फडकं गालावर धरलं, साबण लावला. या खेपेला त्यांनी तोंड फिरवलं नाही. उजवा गाल सैल पडून लोंबत होता. तो कानाकडं ताणून धरायचा आणि वस्तरा कातडीवर निजता ठेवून वरून खाली आणायचा, हे त्यांनीच सांगितलं. बापाच्या गळ्याशी उघडं पातं धरायचं म्हणजे काय, ते धरल्याशिवाय कळत नाही. आबा मात्र डोळे मिटून शांत बसले होते. खुंट साबणाबरोबर उतरत होते आणि आत त्यांचा चेहरा तसाच होता, बारीक झालेला, पण त्यांचा. तुरटी फिरवली तेव्हा एके ठिकाणी झोंबलं. "थोडं कापलंस," ते म्हणाले, आणि त्यांच्या निम्म्या तोंडावर हसू आलं.

त्या दुपारी त्यांनी अख्खी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दाढीसाठी स्वतः हात टेकून बसले. तिसऱ्या दिवशी पाय खाली सोडले. रोज सकाळी पट्टा, मग पाणी, मग दाढी. पोपट बघायला आला, आबांच्या गालावरून हात फिरवून म्हणाला, "ताई, दुकानात ये माझ्या, खुर्ची देतो." मला आकाश ठेंगणं झालं होतं. एका जुन्या गंजलेल्या वस्तऱ्यानं मी माझा बाप परत आणला, असं मला वाटत होतं, आणि हे सासरी जाऊन कुणाकुणाला कसं सांगायचं तेही मी ठरवत होते.

मग आईला ते फडकं सापडलं.

धुण्याच्या चिंध्यांमध्ये मी ते टाकून दिलं होतं. आई अंगणात बसून चिंध्या वेगळ्या करत होती. ते हाताला लागलं, तिनं त्याची काठावरची शिवण बोटांनी चाचपली आणि ती जागची उठून आत आली. मी आबांच्या गालाला नुकताच साबण लावला होता.

"कुशे, ह्ये फडकं कुटलं?"

"वस्तऱ्याला होतं गुंडाळलेलं."

"हाडाच्या मुठीच्या?"

"हो. का गं?"

आईनं फडकं माझ्यापुढं धरलं. "ही शिवण माझ्या हातची हाय. ह्यो घाटावरचा वस्तरा. सुतकाबिगर ह्यो कुणाला लावत न्हाईत! घरातबी याला येगळा, फडक्यात बांधून ठिवत व्हते. आन् तू रोज... रोज यांच्या गालाला..." मग ती आबांवर उलटली. "आन् तुमी? तुमाला ठावं न्हवतं? तुमी का गप बसला? मरान बोलावताय व्हय घरात?"

लहानपणी घाटावर मी माणसांकडं बघायची, आबांच्या हातातल्या वस्तऱ्याकडं कधी बघितलंच नव्हतं. मी वस्तरा मिटला. "आबा, मला माहीत नव्हतं. आत्ताच्या आत्ता नदीत टाकून येते."

"उघड त्यो," आबा म्हणाले.

"आबा..."

"दाढी पुरी कर. आन् मिशी काढ."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. आमच्याकडं मिशी उगाच कुणी काढत नाही. घरातलं वडीलधारं गेलं तरच ती जाते.

"मिशी? आबा, कोण गेलंय?"

त्यांनी मान वळवून भिंतीकडं पाहिलं. इतके दिवस मी समजत होते की ते आमच्याकडं पाठ करतायत. ते फोटोकडं बघत होते.

"साऱ्या मुलखाची केसं उतरवली म्या," आबा म्हणाले. एकेक शब्द ओढून आणत होते. "कुणाचा बाप, कुणाची माय. समद्यांसाठी कुणी ना कुणी बसलं. माझ्या पोरासाठी... कुणाचा एक क्यास पडला न्हाई. त्याला धाकटा भाऊ न्हाई. ल्योक न्हाई. भावकीत त्याच्याहून ल्हान कुणी न्हाई. आन् म्या बाप. मला बसता येत न्हाई."

आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"दहाव्याला घाटावर गेलो. वस्तरा घिऊन. मनात आलं, कुणाला तरी म्हणावं, बस, माझी मिशी काढ. पर म्याच लोकान्ला उठवलं व्हतं. मला कोण बसू देनार?" त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजव्यातूनही आलं, पण ते त्यांना कळत नव्हतं. "गुंडाळून ठिवला. तू काढलास. म्या म्हनलं, आता याला धार लागली तर बरं."

मी रडत होते. मुरलीदादा गेल्यावर मी महिनाभर माहेरी राहिले होते. आई ऊर बडवून रडायची, मी रडायची, आबा सुतक फिटताच दाढी करून दुकानात जायला लागले. आबा घट्ट मनाचे, असं सगळे म्हणायचे. मीही म्हटलं होतं.

मला वाटलं, आई आता माझ्या हातातून वस्तरा हिसकावून घेईल. ती चुलीपाशी गेली आणि कोमट पाण्याचा तांब्या घेऊन आली. आबांच्या समोर टेकली, बोटं पाण्यात बुडवून तिनं त्यांची मिशी भिजवली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून ती चाचपत चाचपत, या टोकापासून त्या टोकापर्यंत भिजवत गेली.

"काढ," आई मला म्हणाली. "हळू काढ. त्यांची कातडी लई पातळ हाय तितं."

मी काढली. वस्तरा इतका छान लागत होता की मला त्याचाही राग आला. आईनं खाली आपला पदर धरला होता. पांढरे केस त्यात पडत गेले. आबांचा वरचा ओठ मी जन्मात कधी पाहिला नव्हता. तो गोरा होता आणि थरथरत होता.

सगळं झाल्यावर आईनं पदराला गाठ मारली. "नदीला सोडून येते," ती म्हणाली.

"म्या येतो," आबा म्हणाले.

"कुटं येताय? उभं तर ऱ्हाता यीना."

पण ते उठले. आजारानंतर पहिल्यांदाच. माझ्या खांद्यावर डावा हात टाकून, उजवा पाय ओढत, ते दारापर्यंत आले. तिथं दम संपला. मी त्यांना उंबऱ्यावर बसवलं. आई पदर छातीशी धरून उताराच्या वाटेनं नदीकडं गेली, ती वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत ते तिच्याकडं बघत राहिले.

रस्त्यावरून रंगनाथ सुतार सायकलवरून चालले होते. आबांच्याच वयाचे, पारावर रोज भेटणारे. आबांना दारात बसलेलं बघून त्यांनी आनंदानं हात केला, आणि जवळ आल्यावर त्यांचं लक्ष आबांच्या तोंडाकडं गेलं. ते घाईघाईनं सायकलवरून उतरले.

"आबा," ते हळू आवाजात म्हणाले, "कोण गेलं?"

तेव्हा मला कळलं, की हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. मिशी जागेवर होती, दाढी केलेली होती. कुणी काय विचारणार?

"मुरली," आबा म्हणाले. "माझं पोरगं."

मुरलीला जाऊन किती तरी वर्षं झाली हे रंगनाथकाकांना माहीत होतं. त्याची तिरडी त्यांनीच बांधली होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात अजून तो वस्तरा होता, साबण लागलेला. त्यांनी तो बघितला, घाटावरच्या वस्तऱ्याची हाडाची मूठ ओळखली. सायकल भिंतीला लावली, वहाणा काढल्या, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि सुतकाच्या घरी बसतात तसे ते आबांच्या शेजारी खाली बसले.



"काय झालं व्हतं पोराला?" मग त्यांनी विचारलं.

"कावीळ," आबा म्हणाले, आणि जड जिभेनं, अगदी पहिल्या दिवसापासून, सांगायला लागले.